पत्रिका छापता छापता समजलेला बुद्ध

आमचं निपाणीत झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, त्यामुळं वैशाख पौर्णिमा जवळ आली की आठ-दहा दिवस आधीपासून बुद्धजयंतीच्या पत्रिकांची गडबड सुरू होते, एका बाजूला मराठी आणि पाठीमागं कन्नड. तीन-चार वर्षांमागं असंच एक काम आलं होतं, घेऊन आलेले आमच्याच गल्लीजवळचे रिटायर्ड गुरुजी. मी भराभर टाइप करून प्रूफ दिलं, वर मोठ्या अक्षरात ‘बुद्धं शरणं गच्छामि’. गुरुजींनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "अरे श नको रं, स घाल. सरणं. पाली भाषेत श नसतोय, पोटफोड्या ष पण नसतोय, सगळीकडं स."

मी म्हटलं, गुरुजी, हे संस्कृत नव्हे व्हय? तर ते स्टुलावर बसलेच, चहा मागवला, आणि कन्नड प्रूफ येईपर्यंत जे काय बोलले त्यातनं माझं डोकं जरा उघडलं. आमच्या घरात गणपती आणि जोतिबा, बौद्ध धम्म म्हणजे मला शाळेच्या पुस्तकातल्या एका धड्याएवढाच माहिती. नंतर मीच थोडं वाचलं, विचारलं. ज्याला माझ्यासारखंच काही माहिती नाही त्याच्यासाठी हे लिहितोय, जाणकारांनी सांभाळून घ्या.

आधी एक घोळ मिटवतो, आमच्या भागात हमखास होणारा. इकडं जैन वस्ती भरपूर, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, तर सगळ्यांनी सहलीत बघितलेली असते, त्यामुळं लहानपणी मला मांडी घालून डोळे मिटलेली कुठलीही मूर्ती एकच वाटायची. जैनांचे महावीर आणि बुद्ध, दोघं एकाच काळातले, एकाच भागातले, म्हणजे आताच्या बिहार-उत्तर प्रदेशाकडचे, हे खरं, आणि दोघंही घर सोडून निघालेल्या श्रमणांच्या परंपरेतले. पण महावीर वेगळे, बुद्ध वेगळे. दिगंबर मूर्तीवर वस्त्र नसतं, बुद्धाच्या अंगावर चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, असतं आणि डोक्यावर अंबाड्यासारखा उंचवटा. विचारातला मोठा फरक म्हणजे जैन मतात प्रत्येक जीवात आत्मा आहे, आणि बुद्ध म्हणतो की कायमचा असा आत्मा शोधूनही सापडत नाही. यावर पुढं येतो.

सिद्धार्थ गौतमाचा जन्म लुंबिनीत, जी आता नेपाळमध्ये आहे. बाप शुद्धोदन, शाक्य कुळातला. आई महामाया जन्मानंतर सातव्या दिवशी गेली, मावशी महाप्रजापतीनं वाढवलं. काळ सर्वसाधारणपणे इसवी सनपूर्व ५६३ ते ४८३ असा देतात, काही अभ्यासक तो आणखी अलीकडं ओढतात. यशोधरेशी लग्न, राहुल नावाचा मुलगा, आणि २९ व्या वर्षी घर सोडलं. का सोडलं? शाळेत शिकवलेली गोष्ट अशी की म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी असे चौघं दिसले आणि मन उडालं. बाबासाहेब आंबेडकरांना ही गोष्ट पटली नाही. २९ वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा माणूस बघितलाच नसेल का, असा त्यांचा सरळ सवाल. त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दुसरं कारण मांडलंय. शाक्य आणि कोलिय या दोन गणांच्या मध्ये रोहिणी नदी, तिच्या पाण्यावरून भांडण, शाक्यांच्या संघानं लढाई ठरवली, सिद्धार्थ एकटा विरोधात उभा राहिला, आणि शेवटी त्याला देश सोडणं पत्करावं लागलं.

खरं सांगतो, हे वाचल्यावर मला बुद्ध एकदम जवळचा वाटला. खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईच्या पाण्यावरून काय काय चाललंय ते आमच्या बाजूच्या माणसाला सांगायला नको. जुन्या पाली अट्ठकथांमध्येही, म्हणजे भाष्यांमध्येही, रोहिणीचं भांडण आहेच, फक्त तिथं तो बुद्ध झाल्यानंतर मध्ये पडतो आणि दोन्ही बाजूंना विचारतो की पाण्याची किंमत जास्त की माणसाच्या रक्ताची.

घर सोडल्यावर आधी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त अशा दोन गुरूंकडं ध्यान शिकला, दोघांचं सगळं शिकून झालं तरी समाधान नाही. मग सहा वर्षं कडक तप, इतकं की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागायचा असं वर्णन आहे. त्यातनंही काही हाती लागलं नाही. मग सुजातेनं दिलेली खीर खाल्ली, आणि बरोबरचे पाच तपस्वी, हा बिघडला म्हणून सोडून गेले. नेरंजना नदीच्या काठी पिंपळाखाली, म्हणजे आताच्या बोधगयेला, ३५ व्या वर्षी बोधी, म्हणजे ज्ञानप्राप्ती, झाली. त्यानंतर त्याच रुसलेल्या पाच जणांना गाठायला तो चालत सारनाथला गेला, आषाढ पौर्णिमेला त्यांना पहिलं प्रवचन दिलं. ऐषआराम एक टोक, शरीराला छळणं दुसरं टोक, दोन्ही सोडा आणि मधली वाट धरा, ही त्याची सुरुवात.

आता मुख्य माल. त्या प्रवचनात चार गोष्टी आहेत, त्यांना चार आर्यसत्यं म्हणतात. दुःख आहे. दुःखाला कारण आहे. कारण थांबलं की दुःख थांबतं. आणि थांबवायची वाट आहे. एवढंच. पण यातला ‘दुःख’ हा शब्द आपल्याला फसवतो, कारण आपण दुःख म्हणजे रडणं धरतो आणि मग बुद्ध म्हणजे सारखा रडका विचार असं वाटतं. गुरुजींनी मला सांगितलं ते असं: "तुझ्या वडिलांची तंबाखू होती न्हवं? दर पडला की दुःख, ते तर झालंच. पण दर चढला त्या वर्षी घरात झोप होती का?" नव्हती. आता विकू का थांबू, वखारीत ठेवली आणि पडला तर, शेजाऱ्याला आपल्यापेक्षा दोन रुपये जास्त का मिळाले. म्हणजे हातात सुख असतानाही ते निसटेल ही जी कुरकुर आत चालू असते, ती पण दुःखातच धरलीय.

आणि कारण काय? तर तण्हा, म्हणजे तहान, आणि त्या तहानेपोटी येणारं उपादान, म्हणजे घट्ट धरून बसणं. तर्जनी-अंगठ्यात चिमूट धरल्यासारखं. सगळं बदलतंय, त्याला अनिच्च म्हणतात, आणि आपण मात्र बदलू नये म्हणून धरून बसतो, ओढाताण तिथं होते. माझ्या मते बौद्ध विचारातलं बाकीचं सगळं या एका चिमटीतनं उलगडता येतं. निब्बान म्हणजे स्वर्गात कुठं जाणं नव्हे. शब्दाचा अर्थ विझणं असा, आणि विझायचं काय तर लोभ, द्वेष आणि मोह ही आग.

वाट आठ अंगांची आहे: सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त (वागणूक), आजीविका, व्यायाम, स्मृती (सावधपणा), समाधी. सम्यक म्हणजे नीट, योग्य. व्यायाम म्हणजे तालमीतले जोर-बैठका नव्हेत, मनात वाईट येऊ न देण्याची आणि चांगलं टिकवण्याची मेहनत. आजीविका म्हणजे पोटापाण्याचा धंदा, तो कुणाचं वाटोळं करून नको. उपासकानं हत्यारं, जिवंत प्राणी-माणसं, मांस, दारू आणि विष यांचा व्यापार करू नये असं सुत्तात, म्हणजे बुद्धाच्या प्रवचनात, स्पष्ट सांगितलंय. तंबाखू विषात धरायची का, हा प्रश्न मी गुरुजींना विचारला. ते हसले आणि म्हणाले, निपाणीत हे मोठ्यानं विचारू नये. अर्ध्या गावाची चूल विडी-तंबाखूवर पेटलीय, माझी पण शाळेची फी त्यातनंच गेली, तर मी यावर काय बोलणार.

आता तो आत्म्याचा मुद्दा. आपल्याकडं मिलिंद नावाचे कितीतरी लोक आहेत, पण हे नाव आलं कुठनं हे मला तरी माहिती नव्हतं. मिलिंद म्हणजे मिनँडर, वायव्येकडं राज्य करणारा ग्रीक राजा. त्याचा आणि भिक्खू नागसेनाचा संवाद पालीत आहे. नागसेन म्हणतो, मला नागसेन म्हणतात खरं, पण ते नुसतं नाव आहे, आत तसा कुणी सापडत नाही. राजा चक्रावतो. मग नागसेन विचारतो, तू रथातनं आलास न्हवं, मग चाक म्हणजे रथ का? नाही. आख म्हणजे रथ? नाही. जू? धुरा? नाही. मग सगळे भाग वेगळे करून ढीग घातला तर तो रथ? तेही नाही. तसंच माणसाचं: शरीर, वेदना (सुखदुःख जाणवणं), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाची घडण), विज्ञान (जाणीव) हे पाच स्कंध, म्हणजे गट, एकत्र चालतात तोवर आपण नाव देतो, त्याच्या आत वेगळा न बदलणारा मालक बसलेला नाही. याला अनत्त म्हणतात. आमच्याकडं बैलगाडीच्या शर्यतीच्या आधी गाडी खोलून आख तपासतात, ते बघताना मला दरवेळी नागसेन आठवतो.

मग आत्मा नाही तर पुनर्जन्म कुणाचा? एका दिव्यावरनं दुसरा दिवा लावला तर पहिल्यातनं उडून काही गेलं का, तरी दुसरा पेटतो, असं उत्तर त्याच संवादात आहे. बाबासाहेबांनी पुनर्जन्म आणि कर्म या दोन्हीचा अर्थ वेगळा लावला. मागच्या जन्मीच्या पापामुळं कुणी या जन्मी खालच्या जातीत आला हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं, आणि ते का मान्य नव्हतं हे समजायला फार अभ्यास लागत नाही. श्रीलंका-ब्रह्मदेशातले पारंपरिक बौद्ध आणि आपल्याकडचे नवयानी, म्हणजे बाबासाहेबांच्या वाटेनं आलेले, बौद्ध यांच्यात इथं खरा मतभेद आहे, तो झाकण्यात अर्थ नाही.

देवाचं काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. बुद्ध स्वतःला देव म्हणत नाही, देवाचा दूत पण नाही. जग कुणी निर्माण केलं, ते कायमचं आहे का, असल्या प्रश्नांवर तो गप्प बसायचा. बाण लागलेला माणूस, आधी बाण मारणाऱ्याचं गाव आणि जात सांगा मगच बाण काढू देतो, असं म्हणत बसला तर मरून जाईल, हा त्याचा दाखला.

करायचं काय ते आता सांगतो. विहारात किंवा घरी आधी तिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म (त्याची शिकवण) आणि संघ (भिक्खूंचा समुदाय) यांना सरण, तीनदा, दुसऱ्यांदा म्हणताना ‘दुतियम्पि’ आणि तिसऱ्यांदा ‘ततियम्पि’ लावून. मग पंचशील: जीव मारणार नाही, न दिलेलं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ असतं, आणि कन्नड लिपीत हे पाच वेळा टाइप करताना मला त्याचा अर्थ विचारावासा वाटला. अर्थ असा की, यापासून दूर राहण्याचा शिकायचा पाठ मी अंगावर घेतो. म्हणजे वरनं कुणी हुकूम दिलेला नाही आणि मोडला तर नरकात टाकीन अशी धमकी पण त्या ओळीत नाही, मी विद्यार्थी आहे आणि चुकलो तर परत पहिल्यापासून. पाचव्यात तर कारणच सांगितलंय, ‘पमादट्ठाना’, नशा म्हणजे बेसावधपणाची जागा. चोर्ला घाट उतरला की गोवा, त्यामुळं आमच्या भागात हे पाचवं शील सगळ्यात अवघड, हे माझं मत.

फुलं वाहतात ती पण काही मागायला नाहीत. पुष्पपूजेची गाथा आहे, तिच्यात शेवटी येतं ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’, जसं हे फूल कोमेजतं तसंच माझं हे शरीरही नाशाकडं जातंय. बायका ताटात झेंडू-शेवंती घेऊन रांगेत उभ्या आहेत, लहान पोरं मध्येच पळतायत, आणि सगळे मिळून सुरात म्हणतायत की आपण सुकणार आहोत. पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा अंगावर काटा आला माझ्या.

पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमीला उपोसथ, म्हणजे व्रताचा दिवस. आषाढ ते आश्विन पौर्णिमा वर्षावास, पावसात भिक्खूंनी फिरायचं नाही एके ठिकाणी राहायचं; आपल्या गावांत या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी विहारात बाबासाहेबांच्या त्या ग्रंथाचं वाचन चालतं. ध्यान म्हणाल तर सुरुवात आनापानाची, नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, मुद्दाम लांब-आखूड करायचा नाही. गोएंका गुरुजींमुळं दहा दिवसांची विपश्यना शिबिरं सगळ्यांना माहिती झाली, इगतपुरीचं केंद्र त्यातलं मोठं. मी अजून गेलो नाही, दहा दिवस मोबाइल बंद म्हटल्यावर दुकान कोण बघणार.

संघात जात सुटायची. उपाली न्हावी होता, शाक्य राजपुत्रांबरोबर आला, आणि त्याला आधी दीक्षा दिली म्हणजे राजपुत्रांना त्याच्या पाया पडावं लागलं. बायकांना घ्यायला मात्र बुद्ध सहज तयार झाला नाही, महाप्रजापतीनं अनेकदा विनवलं, आनंद नावाच्या शिष्यानं मध्यस्थी केली, मग भिक्खुणी संघ झाला, तोही जादा आठ नियम लावून. आजही यावर वाद आहे आणि असायला हवा. ८० व्या वर्षी कुशीनगरला बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं. गादीवर कुणाला बसवलं नाही, माझ्या मागं धम्म आणि विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम, हेच तुमचे गुरू असं सांगून गेला. मग राजगृहाला भिक्खू जमले, उपालीनं विनय म्हणून दाखवला, आनंदानं सुत्तं, आणि पुढं काही शतकं हे सगळं नुसत्या पाठांतरावर चाललं. पुढं थेरवाद, महायान, वज्रयान असे मोठे प्रवाह झाले: श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड पहिला; चीन-जपान दुसरा; तिबेट तिसरा.

तिसरा तर आपल्याला लांबचा नाहीच. हुबळीच्या पुढं मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, ल्हासाजवळचे गांदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ तिथं परत उभे केलेत.

पण कर्नाटकात बुद्ध तिबेट्यांबरोबर आला असं नाही. मस्की, ब्रह्मगिरी, कोप्पळ इथं अशोकाचे शिलालेख आहेत. १९१५ मध्ये मस्कीचा लेख सापडला त्यात ‘असोक’ हे नावच कोरलेलं होतं, नाहीतर बऱ्याच लेखांत नुसतं ‘देवानंपिय पियदसि’, म्हणजे देवांचा लाडका पियदसि, अशी त्याची पदवी. सगळ्यात भारी गोष्ट सन्नतीची, कलबुर्गी जिल्ह्यातली. १९८६ मध्ये चंद्रलांबा देवस्थानातल्या कालीमातेच्या देवळाचं छत पडलं, खालचा दगड उघडा पडला आणि बघतात तर त्यावर अशोकाची आज्ञा. जवळच कनगनहळ्ळीला स्तूप निघाला, तिथं राजा-राणीचं शिल्प आणि त्यावर ‘रायो असोको’ असं लिहिलेलं. गदगजवळ डंबळला तर १०९५ सालच्या लेखात बौद्ध विहार आणि तारादेवीचा उल्लेख आहे, म्हणजे तोवर इकडं धम्म जिवंत होता. मग हळूहळू गेला.

परत आला तो बाबासाहेबांमुळं, आणि त्यात आमच्या टापूचा वाटा आहे हे मी अभिमानानं सांगतो. इथनं थोडं वर गेलं की माणगाव, तिथं मार्च १९२० च्या परिषदेत शाहू महाराजांनी आंबेडकरांना पुढं केलं, आणि एप्रिल १९२५ मध्ये निपाणीतच बहिष्कृत परिषद झाली, बाबासाहेब आले होते. १९३५ ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांबरोबर दीक्षा, २२ प्रतिज्ञा. २०११ च्या जनगणनेत देशात साधारण ८४ लाख बौद्ध, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात.

आता परत त्या ‘स’ वर येतो, कारण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तिथंच आहे. विनयपिटकात आहे की दोन ब्राह्मण कुळातले भिक्खू बुद्धाकडं तक्रार घेऊन आले, सगळ्या जातीपातीचे लोक आपापल्या बोलीत तुमची वचनं म्हणतात आणि नासवतात, आपण ती छंदात, म्हणजे वेदाच्या भाषेत बसवू. बुद्धानं त्यांना झापलं आणि नियम केला, ‘सकाय निरुत्तिया’ शिका, स्वतःच्या बोलीत. एवढ्यावर आम्ही सीमाभागातले मराठी लगेच खूश होणार, की बघा, स्वतःच्या भाषेचा हक्क. मी पण झालो. पण गुरुजी म्हणाले, थांब, दुसरं पण ऐक. मज्झिम निकायात, म्हणजे सुत्तांच्या एका संग्रहात, एक सुत्त आहे त्यात बुद्ध सांगतो, एकाच भांड्याला एका प्रदेशात पाती म्हणतात, दुसरीकडं पत्त, तिसरीकडं सराव. जिथं जे म्हणतात ते वापर, पण माझाच शब्द खरा बाकी सगळे खोटे म्हणून धरून बसू नको. परत तीच चिमूट! मी गप्प. दुकानाच्या बोर्डावरनं जे काय ऐकून घ्यावं लागलंय दोन्ही बाजूंकडनं, ते इथं लिहीत नाही.

तेवढ्यात कन्नड प्रूफ घेऊन चिकोडीकडची पोरगी आली, कन्नड मीडियमची, तिथल्या मंडळाचं काम तीच बघते. गुरुजी मराठीत विचारत होते, ती कन्नडमध्ये उत्तर देत होती, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजत होतं, आमच्याकडं याचं कुणाला नवल नाही. तिनं पहिली चूक काढली तीच, सरणं ऐवजी शरणं. दोन्ही पानांवर दुरुस्त केलं. मग खालची सूचना वाचून घेतली: येताना पांढरे कपडे, फुलं आणि प्रत्येकी एक मेणबत्ती. कन्नड बाजूला तिनं मला लिहायला सांगितलं, मेणदबत्ती. मी मराठीतलं कॉपी केल्यासारखंच टाइप केलं, मध्ये फक्त एक ‘द’ घातला, आणि पाचशे कॉप्या काढल्या.